तालुक्याच्या वार्ताहराला पगार कोण देतं? (२००९ च्या पुरवण्या आणि त्यानंतर)

गावठाण

दिवाळीत घरी माळा आवरताना जुन्या ट्रंकेत माझं पावतीपुस्तक सापडलं. बातम्यांचं नाही, जाहिरातींचं. १९९८ ते २०१० अशी बारा वर्षं मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका दैनिकाचा वार्ताहर होतो. दैनिकाचं नाव लिहीत नाही. त्या काळी बहुतेक सगळीकडे हेच चालायचं, एकाच घरावर खापर नको.

मानधन महिन्याला पाचशे रुपये. फॅक्स, पेट्रोल, फोटो धुणं सगळं त्यातच. घर चालायचं ते जाहिरातीच्या पंधरा टक्के कमिशनवर. त्यामुळे माझं वर्ष बातम्यांच्या हिशेबानं जायचंच नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, दिवाळी, दैनिकाचा वर्धापनदिन आणि नेत्यांचे वाढदिवस, असं ते जायचं. प्रत्येक वेळी जिल्हा कार्यालयातून टार्गेट यायचं. जाहिरात देणार कोण? साखर कारखाना, बाजार समिती, पतसंस्था, विकास सोसायटीचे चेअरमन, सरपंच, रस्त्याचे ठेकेदार. म्हणजे ज्यांच्या कारभारावर मी लिहायचं, तेच माझे गिऱ्हाईक. आणि छापून आलेल्या जाहिरातीचं बिल वसूल झालं नाही, तर ती रक्कम माझ्या नावावर उधार पडायची.

एक उदाहरण सांगतो, कारण ते मला आजही टोचतं. एका हंगामात आमच्या भागातल्या कारखान्यानं उसाचं बिल पाच महिने थकवलं होतं. शेतकरी पावत्या घेऊन माझ्याकडे आले. सगळे आकडे हातात होते. त्याच वेळी त्या कारखान्याकडे वर्धापनदिनाच्या पानाचे माझे अठरा हजार अडकले होते. मी बातमी पाठवली नाही. कुणाचा फोन आला नव्हता, कुणी धमकावलं नव्हतं. मीच पाठवली नाही.

मग २००९ ची विधानसभा आली. मतदान १३ ऑक्टोबरला होतं. सप्टेंबरात बैठक झाली आणि आम्हाला दरपत्रक मिळालं. दौऱ्याची बातमी फोटोसह इतके, मुलाखत इतके, अर्धं पान 'मतदारसंघाचा आढावा' इतके, शेवटच्या दोन दिवसांत 'विजयाकडे वाटचाल' इतके. सगळ्याचं मिळून पॅकेज. पॅकेज न घेणाऱ्या उमेदवाराचं नाव छापायचं नाही, एवढीच तोंडी सूचना होती. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक अपक्ष उभे होते. बाजाराच्या दिवशी त्यांची सभा चांगली भरली. रात्री ते घरी आले, 'चार ओळी तरी येतील ना?' म्हणाले. मी 'बघतो' म्हणालो. चार ओळी आल्या नाहीत. त्याच अंकात पैसे भरलेल्या दोन्ही उमेदवारांचा विजय 'निश्चित' होता, एकाचा तिसऱ्या पानावर, दुसऱ्याचा पाचव्या.

माध्यमं आणि राजकारण म्हटलं की आपण दिल्लीच्या वाहिन्यांवर बोलतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे दोर बांधला गेलाय तो खाली, तालुक्यात. बातमी आणणाऱ्याची चूल जाहिरातीवर पेटते तोवर मालकाला कुणाला दम द्यावा लागत नाही. तुमचा अनुभव काय? आणि कुणाकडे ऑक्टोबर २००९ च्या जिल्हा पुरवण्यांच्या फाइली असतील तर सांगा, मला त्या पाहायच्या आहेत.

सह्यकडा

वाचून सुन्न झालो. इतकं उघडपणे लिहिलंत, त्याबद्दल आभार. वाचतोय.

रात्रपाळी

गावठाण, त्या काळात मी जिल्हा आवृत्तीला उपसंपादक होते. तुम्ही पाठवलेला मजकूर ज्या टेबलावर यायचा, त्या टेबलावरची मी. पॅकेजचा मजकूर जाहिरात विभागाकडून तयार यायचा. वर 'जसाच्या तसा' असा शेरा. शुद्धलेखन सुधारायचीही मुभा नव्हती, कारण उमेदवाराच्या माणसानं तो वाचून मंजूर केलेला असे. खाली 'जाहिरात' हा शब्द टाकायचा नाही, आणि टाइप बातमीचाच ठेवायचा. वाचकाला फरक कळू नये, म्हणूनच पैसे मोजलेले असायचे.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. हा प्रकार देशासमोर आला तो महाराष्ट्रातूनच. निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त त्यावर लिहिलं. नोव्हेंबर २००९ मधल्या लेखात त्यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरची 'अशोकपर्व' ही पानं आणि वेगवेगळ्या दैनिकांत शब्द न् शब्द सारखा छापलेला मजकूर पुढे ठेवला. स्पर्धक दैनिकांत एकच लेख, तोही बातमी म्हणून. चव्हाणांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींपुढे आकडा होता ५,३७९ रुपये. पैसे देऊन काही छापून घेतलं, हे चव्हाणांनी नाकारलं.

मला त्या आकड्यापेक्षा तो सारखा मजकूर जास्त लागला. तीन कार्यालयांत माझ्यासारख्या तीन जणांनी तो 'जसाच्या तसा' लावला असणार.

अशील

कायद्याच्या बाजूनं पुढे काय झालं ते लिहितो, कारण ते अर्धवटच लोकांना आठवतं.

प्रेस कौन्सिलनं दोन सदस्यांची उपसमिती नेमली, परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी. त्यांनी ७१ पानांचा अहवाल दिला, त्यात वृत्तपत्रांची नावं होती. जुलै २०१० मध्ये कौन्सिलनं प्रसिद्ध केला तो मात्र आटोपशीर अहवाल, नावं गाळून. मूळ अहवाल लोकांपुढे यायला माहिती आयोगाच्या आदेशाची आणि २०११ सालाची वाट पाहावी लागली. ज्या संस्थेनं वृत्तपत्रांच्या नीतीवर लक्ष ठेवायचं, तिनंच नावं झाकली, हे मला आजही पटलेलं नाही.

चव्हाणांच्या भोकर मतदारसंघातल्या निवडणुकीवरची तक्रार चव्हाणांचे प्रतिस्पर्धी माधवराव किन्हाळकर यांची. खर्चाचा हिशेब खरा की खोटा हे तपासायचा निवडणूक आयोगाला अधिकारच नाही, असा मुद्दा त्यात निघाला. सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१४ ला सांगितलं की अधिकार आहे. जुलैत आयोगानं हिशेब योग्य रीतीनं दिला नाही असं म्हणत नोटीस काढली, आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली. म्हणजे मतदानापासून निकालापर्यंत जवळजवळ पाच वर्षं. तोवर त्या विधानसभेची मुदतच संपत आली होती.

पैसे देऊन छापलेल्या बातम्यांचा खर्च हिशेबात दाखवला नाही म्हणून अपात्र ठरलेल्या पहिल्या आमदार उत्तर प्रदेशातल्या, बिसौलीच्या उमलेश यादव. ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी. मध्य प्रदेशचे मंत्री नरोत्तम मिश्रा यांना आयोगानं २०१७ मध्ये अपात्र ठरवलं, पण दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तो आदेश फिरवला.

अडचण कायद्याच्या रचनेतच आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेली जाहिरात, हा स्वतंत्र गुन्हा नाही. आयोगाच्या हातात येतो तो फक्त खर्चाचा हिशेब. बातमी विकली हा प्रश्न बाजूला राहतो, 'तो खर्च दाखवला का?' एवढंच विचारता येतं. आणि व्यवहार रोखीत, पावती नाही, देणारा-घेणारा दोघंही गप्प. सिद्ध करायचं कसं?

बांधावरून

गावठाण, राग मानू नका, पण मी त्या पाच महिन्यांच्या बिलवाल्यांपैकीच. तुमचा तालुका नसेल, आमचाही तसाच होता. आमच्या वार्ताहराला आम्ही शिव्या घातल्या, 'विकला गेला' म्हणालो. त्याला महिन्याला पाचशे मिळत होते हे आज पहिल्यांदा कळलं. त्यानं माझा राग पूर्ण जात नाही. माझ्या वडलांनी त्या वर्षी सावकाराकडून पैसे काढले होते. चार ओळी आल्या असत्या तर जिल्ह्यातून कुणीतरी विचारायला आलं असतं, असं मला अजून वाटतं.

गावठाण

बांधावरून, राग मानायचा प्रश्नच नाही. तुम्ही म्हणता तेच खरं आहे. ती बातमी आली असती तर काय झालं असतं, हे मी खूपदा मनात घोळवलंय. पाचशे रुपये हे कारण आहे, पण त्यानं माझी सुटका होत नाही.

लिपिक

मी महसुलात आहे. गेल्या काही निवडणुकांत जिल्हा माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समितीच्या, म्हणजे एमसीएमसीच्या कक्षात ड्यूटी लागली. अशील यांनी विचारलं 'सिद्ध करायचं कसं', त्यावर आत काय चालतं ते सांगतो.

सकाळी साडेसहाला वर्तमानपत्रांचा गठ्ठा येतो. आम्ही चार-पाच जण कात्रणं काढतो. एकाच उमेदवाराचं एकतर्फी कौतुक, सारखा मजकूर दोन ठिकाणी, मतदानाआधीच 'विजयी' घोषित, अशा खुणा पाहायच्या. संशय आला की समितीपुढे ठेवायचं. छापून आल्यापासून ९६ तासांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं उमेदवाराला नोटीस द्यायची, त्यानं ४८ तासांत उत्तर द्यायचं. उत्तर पटलं नाही तर तेवढ्या जागेचा खर्च सरकारी जाहिरातीच्या दरानं त्याच्या खात्यात धरायचा.

इथंच खरं दुखणं आहे. सरकारी दर बाजारभावाच्या कितीतरी खाली असतो. पाव पानासाठी खात्यात पडणारी रक्कम बघून उमेदवाराचा प्रतिनिधी हसतो. २००९ ला मोठ्या राज्यांत विधानसभेची खर्चमर्यादा १० लाख होती, आता ४० लाख आहे. त्यात असं एखादं पाव पान सहज मुरतं. आणि उत्तर ठरलेलं असतं : 'ही बातमी वृत्तपत्रानं स्वतःहून दिली आहे, आमचा संबंध नाही.' वृत्तपत्राचं पत्रही सोबत. मग समिती काय करणार?

आणखी एक. माझ्या कक्षात आमच्याच समितीवरचा पत्रकार प्रतिनिधी एकदा म्हणाला, 'साहेब, आता छापायचे पैसे कुणी देत नाही, न छापायचे देतात.' न छापलेल्याचं कात्रण आम्ही कुठून काढणार?

मांडवी

गोव्यातून लिहिते आहे. आमच्याकडची दैनिकं तर खाणमालकांच्या घरांतूनच सुरू झाली. 'गोमन्तक' १९६२ मध्ये चौगुल्यांनी काढला, 'नवप्रभा' धेंपे घराण्याची. त्यामुळे खाणीच्या ट्रकांनी गावातल्या वाटेचं काय केलं, शेतांत किती गाळ उतरला, हे आम्ही वर्तमानपत्रात शोधायचो नाही, गावसभेत ऐकायचो.

पण मला एक वेगळं सांगायचंय. पक्षपात आणि विक्री यांत आपण घोटाळा करतो आहोत. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी 'गोमन्तक' गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूनं उघड उभा होता. विरोधात लढायला 'राष्ट्रमत' निघालं, तेही मराठीत, कारण वाचणारे मराठी वाचत होते. त्यात उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' सदर यायचं. माझे आजोबा दोन्ही घ्यायचे आणि रात्री दोन्हींवर भांडायचे. शेवटी ३४,०२१ मतांनी गोवा वेगळा राहिला. त्या भांडणात कोण कुठं उभं आहे हे प्रत्येक वाचकाला ठाऊक होतं. आजोबांची फसवणूक कुणी केली नाही.

रात्रपाळी

मांडवी, अगदी पटलं. आचार्य अत्र्यांचा 'मराठा' नोव्हेंबर १९५६ मध्ये निघाला तोच संयुक्त महाराष्ट्रासाठी. 'सामना' पक्षाचं मुखपत्र आहे हे कुणापासून लपलेलं नाही. मुखपत्र वाचताना माणूस सावध असतो. पॅकेजनं घेतला तो वाचकाचा बेसावधपणा.

दूरदेशी

दुबईहून. मी रोज ई-पेपर फुकट वाचतो, आणि हे सगळं वाचून पहिला प्रश्न स्वतःलाच विचारला की मी किती देतो? शून्य. घरी आई-वडील महिन्याला देतात तेही रद्दी विकून बरंचसं परत येतं. कागद, शाई, छपाई, गाडी, विक्रेत्याचं कमिशन, एवढा खर्च त्या किमतीत भागत नाही, हे उघड आहे. मग उरलेले पैसे कुणीतरी देणारच, आणि देणारा काहीतरी मागणारच. वृत्तपत्रांची किंमत वाढू द्यायला हवी होती, असं मला वाटतं. सरकारनं किमान किंमत ठरवली तर?

अशील

दूरदेशी, हा प्रयोग होऊन गेलाय, आणि तो पुण्याच्या 'सकाळ'नंच मोडला. १९५६ चा किंमत-पृष्ठ कायदा आणि त्याखालचा १९६० चा आदेश : किती पानांना किती किंमत लावायची, जाहिरातींना किती जागा द्यायची, हे सरकार ठरवणार. हेतू सांगितला तो चांगलाच होता, मोठ्यांच्या स्पर्धेत छोटी पत्रं मरू नयेत. 'सकाळ'पुढे दोनच वाटा उरल्या, किंमत वाढवा नाहीतर पानं कमी करा. ते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये कायदाच घटनाबाह्य ठरवला. किंमत वाढली की खप घटतो, खप घटला की तितक्या लोकांपर्यंत विचार पोचत नाही, म्हणजे हा घटनेच्या कलम १९(१)(क) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचा घाला, असा तो तर्क आहे. जाहिराती कमी केल्या तर किंमत वाढेल, हेही न्यायालयानं ओळखलं होतं.

निकाल योग्यच होता. सरकारच्या हाती पानं मोजायची कात्री दिली असती तर १९७५ ला काय झालं असतं याचा विचार करा. २५ जूनच्या रात्री दिल्लीत वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीजच तोडली होती. पण त्या निकालानं जाहिरातीला जे संरक्षण मिळालं, त्याचा पन्नास वर्षांनी असा उपयोग होईल हे कुणाच्या मनात नसेल.

लिपिक

सरकारी जाहिरातींचं कुणी काढलंच नाही. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या यादीवर असणं, अ, ब की क वर्गात असणं, यावर छोट्या साप्ताहिकांचं आयुष्य चालतं. दर्शनी जाहिराती, निविदा, नोटिसा. बिलं महिनोन्महिने लटकतात. ज्याचं बिल आमच्या टेबलावर पडलेलं आहे तो संपादक आमच्या कार्यालयावर लिहिताना हात आखडतो, हे मी स्वतः पाहिलंय. कुणी त्याला सांगावं लागत नाही. गावठाण यांच्या अठरा हजारांसारखंच.

सह्यकडा

सगळ्यांनीच हात आखडला असंही नाही. १९८१ मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'नं तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानच्या देणग्यांचं प्रकरण बाहेर काढलं आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. आणि अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२३ मध्ये, राजापूरला शशिकांत वारिशे. ज्या दिवशी रिफायनरीच्या वादातली त्यांची बातमी आली त्याच दिवशी गाडीखाली चिरडले गेले, दुसऱ्या दिवशी वारले. तेही तालुक्याचेच पत्रकार होते. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्य आपलं, २०१७ मध्ये विधिमंडळानं तो मंजूर केला. कायदा असूनही राजापूरचा रस्ता तसाच होता.

मी कोकणातला आहे म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

रात्रपाळी

मोठ्या पत्राच्या मागे मालक, वकील, दिल्लीची आवृत्ती उभी असते. वारिशेंसारख्यांच्या मागे कोण? गावठाण यांचा मूळ प्रश्न पुन्हा तिथंच येतो. वार्ताहराला नेमणूकपत्र नसतं. तो पत्रकार असल्याचा पुरावा म्हणजे एक ओळखपत्र आणि जाहिरातीचं पावतीपुस्तक. पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजीठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१४ मध्ये कायम केल्या, पण त्या नोकरीवर असलेल्यांसाठी. कागदावर ज्याची नोकरीच नाही त्याला कसलं वेतन? माझ्या मते एकच मागणी धरावी, ती ही : बातमी देणाऱ्याकडून जाहिरात मागायची नाही. दोन वेगळी माणसं ठेवा. बाकी सगळं त्यानंतर.

बांधावरून

या मागणीला माझा पाठिंबा. एक प्रश्न आहे. उमेदवारानं दिलेला खर्चाचा हिशेब साध्या माणसाला बघता येतो का? की माहिती अधिकारात अर्ज करावा लागतो?

लिपिक

येतो. अर्जाचीही भानगड नाही. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवारानं हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. निवडणूक संचालन नियम १९६१ चा नियम ८८ काढा. एक रुपया फी भरून कुणीही तो हिशेब पाहू शकतो, ठरलेली फी भरून साक्षांकित प्रतही मिळते. माझ्या इतक्या वर्षांत तो एक रुपया भरायला आलेली माणसं मी बोटांवर मोजू शकेन. जी आली ती हरलेल्या उमेदवारांचीच होती.

ग्रंथपाल

आजवर नुसती वाचत होते, आज खातं उघडलं. गावठाण, तुम्ही फाइली विचारल्यात. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. जागा नाही म्हणून २००५ च्या आधीचे अंक समितीनं रद्दीत काढले, तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. २००६ पासूनचे गठ्ठे मी जिन्याखाली दडवून ठेवलेत, महिन्यावार सुतळीनं बांधून. तीन दैनिकांच्या जिल्हा पुरवण्या त्यात आहेत. ऑक्टोबर २००९ चे तिन्ही गठ्ठे काल काढून पाहिले. एकाला खालून वाळवी लागलीय, दोन धड आहेत. ९ तारखेच्या अंकात दोन दैनिकांत एकाच मथळ्याखाली एकच मजकूर आहे, स्वल्पविरामासकट.

गावठाण

ताई, वाळवी लागलेला गठ्ठा उन्हात ठेवू नका, कागद कुरकुरीत होऊन तुटतो. कडुनिंबाचा पाला घालून सावलीत वाऱ्याला ठेवा. मी पुढच्या शनिवारी पहिल्या एसटीनं निघतो. फोटो काढायला मोबाइल आहे, पण पानं मोठी असतात, एक जण धरायला लागेल.

बांधावरून

मी येतो. पानं धरायला. आणि येताना जिल्ह्याच्या ठिकाणी उतरून गेल्या निवडणुकीचा हिशेब बघायला एक रुपया भरून येतो. लिपिक, कुठल्या खिडकीवर जायचं तेवढं सांगा.

लिपिक

जिल्हाधिकारी कार्यालय, निवडणूक शाखा. तिथं 'खर्च कक्ष' विचारा. नियमाचा आकडा कागदावर लिहून न्या, बऱ्याच जणांना तो माहीत नसतो. साडेदहाला पोचा, दुपारनंतर साहेब सापडत नाहीत. शनिवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारीच या.